‘डेव्हलप करणे’: एका उसन्या क्रियापदाची बाजू

मराठी बोलताना ‘डेव्हलप करणे’ हे क्रियापद वापरणाऱ्याला भाषेचा अपराधी ठरवण्याची रीत आता इतकी रुळली आहे की, त्या आरोपाची शहानिशा करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. आरोपाचे स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल: ‘विकास’ आणि ‘विकसित करणे’ असे सुबोध, संस्कृतोद्भव व शासनमान्य शब्द हाताशी असताना ‘जमीन डेव्हलप केली’, ‘प्लॉट डेव्हलपला दिला’, ‘सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली’ अशी वाक्ये उच्चारणे हा आळस, अनुकरण किंवा अज्ञान यांपैकी कशाचा तरी पुरावा आहे, ही खोड पुणे शहरातल्या मध्यमवर्गाकडून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने भूगाव, भुकूम, पिरंगुट, कासार आंबोली अशा गावांत पोचली आणि तिने तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडची अस्सल मराठी बिघडवली, सबब हा शब्द वेचून बाहेर काढावा व त्याच्या जागी ‘विकास’ बसवावा. या म्हणण्यात भाषेविषयीची कळकळ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र जमिनीच्या व्यवहारापुरते पाहिले तर ‘डेव्हलप करणे’ हे उसने क्रियापद ‘विकास करणे’ या घरच्या वाटणाऱ्या क्रियापदापेक्षा अधिक नेमके व अधिक प्रामाणिक आहे, आणि शुद्धतेच्या नावाने सुचवला जाणारा बदल मान्य केला तर मराठी भाषकाच्या हातून एक उपयोगी भेद कायमचा निसटेल.

आरोपाची सगळी भिस्त ‘विकास’ हा त्या इंग्रजी क्रियापदाचा नेमका प्रतिशब्द आहे या गृहीतकावर आहे, म्हणून आधी मूळ क्रियापदाकडे वळणे इष्ट. ते सतराव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आले. जुन्या फ्रेंचमधील त्याच्या पूर्वरूपाचा अर्थ गुंडाळलेले उलगडणे असा होता. पुढच्या तीन शतकांत त्याला इतके फाटे फुटले की, आज एकच इंग्रजी क्रियापद मुलाच्या वाढीला, आजार जडण्याला, छायाचित्राच्या फिल्मवर रसायनाने प्रतिमा उमटवण्याला, युक्तिवाद फुलवण्याला, नवे यंत्र घडवण्याला आणि शेतजमिनीवर इमारती उठवण्याला सारखेच चालते. मराठीने ही कामे निरनिराळ्या क्रियापदांवर सोपवलेली आहेत. मूल वाढते, ताप भरतो, अंगावर पुरळ उठते, मधुमेह जडतो, फिल्मचा रोल धुवायला टाकला जातो, मुद्दा फुलवला जातो, यंत्र घडवले जाते आणि माळावर प्लॉट पाडले जातात. ही वाटणी कोणा समितीने केलेली नाही. ती बोलीत पिढ्यानपिढ्या मुरलेली आहे आणि तिच्यात मराठीची खरी श्रीमंती आहे. आता वर्तमानपत्रातील आरोग्यविषयक मजकूर उघडून पाहावा: ‘रुग्णामध्ये मधुमेह विकसित होतो’, ‘त्वचेवर पुरळ विकसित झाल्यास’, ‘विद्यार्थ्यांनी वाचनाची सवय विकसित करावी’. या वाक्यांत एकही इंग्रजी अक्षर नाही, त्यामुळे शुद्धिवाद्याची नजर त्यांवरून निर्धास्तपणे पुढे सरकते. वस्तुतः उठणे, जडणे आणि लागणे या तिन्ही क्रियापदांची हकालपट्टी तिथे झालेली असते आणि इंग्रजी क्रियापदाचा अख्खा अर्थसमूह संस्कृत वेषात येऊन त्यांच्या जागेवर बसलेला असतो. परक्या ध्वनीचा शब्द घरात आला तर तो परका म्हणून ओळखू तरी येतो. परका अर्थ घरच्या शब्दात शिरला की ती सोयही उरत नाही.

जमिनीच्या संदर्भात या क्रियापदाचा इतिहास आणखी वेगळा आहे आणि तो समजून घेण्यासाठी व्याकरणातील एक जुना भेद ध्यानात ठेवावा लागतो. ज्या क्रियापदाला कर्म लागत नाही, म्हणजे ज्यातली क्रिया कर्त्यापाशीच संपते, ते अकर्मक. आणि ज्यातली क्रिया दुसऱ्या कशावर तरी घडते ते सकर्मक. ऑस्ट्रेलियातील अर्थशास्त्रज्ञ हाइन्झ आर्न्ट यांनी १९८१ साली या शब्दाच्या अर्थेतिहासावर एक निबंध लिहिला आणि त्यात असे दाखवले की, मार्क्ससारख्या विचारवंतांच्या लेखनात समाज स्वतःच्या आतल्या घडामोडींनी बदलत जातो, म्हणजे तेथे क्रिया अकर्मक आहे. याउलट ब्रिटिश वसाहतींच्या कारभाऱ्यांच्या लेखनात हेच क्रियापद सकर्मक झाले आणि त्याचे कर्म म्हणजे तिथली जमीन, खनिजे व जंगले. जोसेफ चेंबरलेन १८९५ साली वसाहतमंत्री झाले तेव्हा त्यांनी वसाहतींचे वर्णन साम्राज्याच्या हाती असलेल्या पण अजून कसात न आणलेल्या इस्टेटी असे केले होते. ब्रिटिश संसदेने १९२९ साली वसाहतींसाठी जो कायदा केला त्याच्या नावातही हाच सकर्मक अर्थ आहे. जमीनदाराने इस्टेटीचे करावे तसे देशाचे करायचे, असा त्याचा भाव होता. पुढे २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी आपल्या भाषणात जगातील गरीब प्रदेशांना याच क्रियापदापासून बनलेले जे विशेषण लावले त्यामुळे या क्रियापदाला परोपकाराचे वलय लाभले आणि दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले. कोणाचे काय वाढले आणि कोणी कोणाचे काय केले, हे दोन प्रश्न तेव्हापासून एकाच शब्दाच्या आड गेले.

महाराष्ट्रात मात्र या क्रियापदाचा सकर्मक, जमिनीवर चालणारा अर्थ ट्रूमन यांच्या भाषणाच्या कितीतरी आधी येऊन पोचला होता. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या नावात अजून ‘सुधारणा’ होती. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या राजवटीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले तेव्हा सरकारी शब्द बदलला, आणि बॅकबेला समुद्रात भराव घालण्याची, पुढे भ्रष्टाचाराच्या आरोपांनी गाजलेली योजना व कामगारांसाठी सिमेंट काँक्रीटच्या चाळी, अशी दोन्ही कामे या खात्याच्या नावावर जमा झाली. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथील त्या चाळी आजही त्या खात्याच्या आद्याक्षरांनीच ओळखल्या जातात. म्हणजे ‘बीडीडी चाळ’ म्हणणारा गिरणगावातला मराठी कामगार शंभर वर्षे हा शब्द तोंडात वागवत आला आहे, आणि आता त्यांतल्या बऱ्याच चाळी म्हाडाकडून पाडून नव्याने बांधल्या जात असताना तो ‘आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली’ असे म्हणतो, तेव्हा त्याने ही खोड कालपरवा दूरदर्शनवरून उचलली असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

यानंतरचा टप्पा कायद्याचा आहे आणि वादाचा निकाल खरे पाहता तेथेच लागतो. ब्रिटनच्या १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने या क्रियापदाच्या नामाची, म्हणजे ‘डेव्हलपमेंट’ची, एक व्याख्या केली; महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या दुसऱ्या कलमात तीच व्याख्या थोड्या फेरफाराने उतरली. तिचा आशय असा: जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली इमारतीची, अभियांत्रिकीची, खाणकामाची वा अन्य कामे करणे, किंवा कोणत्याही इमारतीत, जमिनीत अथवा त्यांच्या वापरात ठोस बदल करणे, आणि यात आहे ती इमारत पाडणे, भराव घालून जमीन तयार करणे, पुन्हा बांधणे, ले-आऊट करणे व जमिनीची पोटविभागणी करणे यांचाही समावेश आहे. त्या नामावरून होणाऱ्या क्रियापदाचा अर्थही तदनुसारच लावावा, असे ती व्याख्या शेवटी आवर्जून सांगते. या सबंध व्याख्येत चांगले, उपयुक्त, लोकहिताचे किंवा प्रगतीचे असे एकही विशेषण नाही. कायद्याच्या लेखी ही एक भौतिक कृती आहे, इतकेच. म्हणूनच याच अधिनियमात परवानगीशिवाय केलेल्या अशा कृतीसाठी शिक्षा सांगितलेली आहे आणि ती कृती काढून टाकायला लावण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला दिलेला आहे. मराठी अनुवादात हे सारे ‘विकास’ या शब्दाने सांगितले गेले, त्यामुळे ‘अनधिकृत विकास’ असा प्रयोग जन्माला आला, आणि कायद्याचे बोट धरून चालायचे तर राहते घर पाडणे हाही ‘विकास’ ठरला. ‘अनधिकृत डेव्हलपमेंट’ म्हटले तर ऐकणाऱ्याला परवानगीवाचून केलेले बांधकाम चटकन दिसते. ‘अनधिकृत विकास’ म्हटले की क्षणभर तरी त्याला चांगल्या कामात कोणीतरी खोडा घातल्यासारखे वाटते. केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने तर या नामाची व्याख्या करताना त्याच नामाचा आधार घेतला आहे, म्हणजे स्थावर मालमत्तेचे डेव्हलपमेंट करणे म्हणजे डेव्हलपमेंट. मसुदा लिहिणारे कधीकधी वाचकापेक्षाही लवकर दमतात.

नगररचना अधिनियमाच्या व्याख्येतील पोटविभागणीचा भाग कासार आंबोलीसारख्या गावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. शेतजमिनीचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून या राज्यात १९४७ चाच एक वेगळा अधिनियम आहे. लोक त्याला तुकडेबंदी कायदा म्हणतात आणि त्याच्या अधिकृत मराठी नावातच जमिनीचे ‘तुकडे पाडणे’ हे शब्द आहेत. म्हणजे एकाच राज्याच्या दोन कायद्यांत माळावर रेघा मारून वेगवेगळे भाग करण्याच्या एकाच कृतीला एकीकडे ‘तुकडे पाडणे’ असे नाव आहे व त्यावर प्रतिबंध आहे, आणि दुसरीकडे तिला ‘विकास’ असे नाव आहे व तिच्यासाठी परवानगीची रीतसर वाट आहे. दोन्ही कायद्यांची उद्दिष्टे भिन्न आहेत आणि बिगरशेती झालेल्या जमिनीला पहिल्याचा उद्देश लागू राहत नाही, हे मान्य करूनही शब्दांचा प्रश्न उरतोच. पौड रस्त्यावरच्या बोलीने या दोन शब्दांच्या मधला, कोणाची स्तुती वा निंदा न करणारा तिसरा प्रयोग शोधून काढला, तो म्हणजे ‘प्लॉट पाडणे’. नाम इंग्रजी, क्रियापद मराठी आणि अर्थ लख्ख. शुद्धिवाद्याच्या दृष्टीने हा संकर आहे. भाषेच्या दृष्टीने हा निवाडा आहे.

‘विकास’ या शब्दाची स्वतःची जातकुळी काय आहे, हेही या ठिकाणी पाहावे लागते. संस्कृतात आणि त्यावरून मराठीत त्याचा मूळ वापर फुलाच्या उमलण्याशी बांधलेला आहे. १८५७ च्या मोल्सवर्थच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीतही त्याचा अर्थ उमलणे, फुलणे, विस्तारणे याच अंगाने दिलेला आहे. ‘विकसणे’ हे क्रियापद अकर्मक आहे, कारण फूल आपले आपण विकसते, त्याला कोणी विकसवत नाही, आणि त्याच्या उमलण्यात आधी नसलेले असे बाहेरून काही येत नाही. म्हणजे या शब्दाच्या पोटात तीन गोष्टी आधीपासून आहेत: क्रिया आतून होते, ती इष्ट असते, आणि तिला बाहेरचा कर्ता नसतो. इतका निरागस शब्द जेव्हा डोंगर कापणे, ओढ्याचा प्रवाह वळवणे आणि भाताच्या खाचरात मुरूम टाकणे अशा कामांना लावला जातो, तेव्हा त्या तिन्ही गोष्टी नकळत त्या कामांना चिकटतात. ‘या भागाचा झपाट्याने विकास होत आहे’ या वाक्यात कर्ता कोण, असा प्रश्न व्याकरण विचारत नाही आणि सहसा वाचकही विचारत नाही. ‘ही जमीन डेव्हलप केली’ या वाक्यात मात्र ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही, कारण ‘करणे’ हे मराठी सहायक क्रियापद कर्ता मागते आणि त्याला जोडलेला इंग्रजी अंश फुलाची आठवण करून देत नाही.

पुणे–पौड रस्त्यावर पिरंगुटच्या पुढे असलेले कासार आंबोली हे मुळशी तालुक्यातील गाव पुष्कळांना महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीच्या राणी लक्ष्मीबाई मुलींच्या सैनिकी शाळेमुळे माहीत असते. एका बाजूला पिरंगुट परिसरातील कारखाने, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे व वरकस माळ, आणि पुण्याकडून सरकत येणारी वस्ती, अशा पट्ट्यात हे गाव आहे. २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अधिकारक्षेत्रात हा पट्टा येतो. मुळशीच्या भातशेतीत जमिनीवर करायच्या कामांसाठी क्रियापदांची मुळीच वाण नाही. खाचर पाडतात, बांध घालतात, ताल रचतात, राब भाजतात, चिखलणी करतात, पड जमीन वहितीखाली आणतात. यांपैकी काही कामांसाठी सरकारकडून कर्ज मिळे, ते तगाई या नावाने ओळखले जाई. त्यामागच्या १८८३ च्या कायद्यात यासाठी ‘जमीन सुधारणा’ असा शब्द होता आणि त्यात विहिरी खोदणे, पाणी निचरा करणे, पुरापासून जमीन वाचवणे अशी कामे मोडत. सुधारलेली जमीन आधीच्यापेक्षा अधिक चांगली जमीन होते, आणि तिचा मालक तोच राहतो. आजच्या नगररचना अधिनियमानेही शेतीच्या नित्य कामासाठी केलेल्या विहिरीसारख्या खोदकामाला परवानगीची अट घातलेली नाही. कोणताही मुळशीकर शेतकरी विहीर खणून ‘मी जमीन डेव्हलप केली’ असे म्हणत नाही. त्याने ते क्रियापद राखून ठेवले आहे ते एका अगदी वेगळ्या कृतीसाठी, आणि त्या राखून ठेवण्यातच त्याची भाषिक जाण दिसते.

ती कृती कोणती, हे ‘डेव्हलपला देणे’ या प्रयोगावरून कळते. शुद्धिवाद्यांना या प्रयोगाचे व्याकरण मोडके वाटते; प्रत्यक्षात तो मराठी शेतकऱ्याच्या फार जुन्या यादीत नव्याने दाखल झालेला एक सदस्य आहे. जमीन खंडाने देतात, म्हणजे वर्षाला ठरलेली रक्कम वा धान्य घेऊन दुसऱ्याला कसू देतात, अर्धलीने देतात, म्हणजे पीक निम्मेनिम्मे वाटून घेतात, गहाण देतात, कसायला देतात. या प्रत्येक प्रयोगात ‘देणे’ हे क्रियापद आहे पण विकणे नाही, आणि जमीन ठरलेल्या मुदतीनंतर परत यावी अशी अपेक्षा आहे. ‘डेव्हलपला देणे’ याच ओळीत बसते, कारण येथेही जमीन विकली असे कोणी म्हणत नाही. कागदावर काय होते ते मात्र जवळून पाहिले पाहिजे. सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सगळ्यांना, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसह, एकत्र आणावे लागते. कोणी हक्कसोडपत्र देते, कोणी सही देण्याआधी आपला वाटा मागते. मग विकसन करारनामा होतो, म्हणजे मालकाने जमीन पुरवायची आणि दुसऱ्या पक्षाने परवानग्या, पैसा व बांधकाम पुरवायचे, आणि तयार होणाऱ्या सदनिकांत किंवा विक्रीच्या रकमेत ठरलेला हिस्सा मालकाला द्यायचा असा करार. त्याच्या जोडीला कुलमुखत्यारपत्र असते, म्हणजे मालकाच्या नावाने सह्या करण्याचा, अर्ज करण्याचा व पुढे सदनिका विकण्याचा अधिकार दुसऱ्या पक्षाला देणारा दस्त. तो बहुधा मालकाला एकतर्फी मागे घेता येऊ नये अशा बेताने लिहिलेला असतो. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवला जातो. मालकाचे नाव सातबाऱ्यावर अजून तसेच असते आणि गावात जमीन ‘विकली’ असे कोणी म्हणत नाही, पण इमारत उभी राहून ती पुढे सोसायटीच्या नावे झाली की जमीन कधीच परत येत नाही.

मुद्रांक कायद्याला या बाबतीत कसलाही संभ्रम नाही. मालकाने दुसऱ्याला बांधकामाचा व विक्रीचा अधिकार देणाऱ्या अशा करारावर महाराष्ट्राच्या मुद्रांक अधिनियमाखाली खरेदीखताच्या दरानेच, बाजारमूल्यावर शुल्क आकारले जाते. सरकारी तिजोरीने ‘देणे’ आणि ‘विकणे’ यांतील अंतर मोजून ते शून्य ठरवले आहे. बोलीने ते अंतर अर्धे मान्य केले: ‘विकली’ म्हटले नाही, पण खंडाने वा अर्धलीने देण्यापासून हे देणे वेगळे आहे हे सांगण्यासाठी एक परका, खटकणारा शब्द मुद्दाम वापरला. आता त्या वाक्यात ‘विकास’ घालून पाहावे. ‘जमीन विकासाला दिली’ असे म्हणताच करार नाहीसा होतो, दुसरा पक्ष नाहीसा होतो, आणि मालकाने गावाच्या भल्यासाठी भूदान केले असावे असा भास होतो.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. शब्दाचा अर्थ वापराने बदलतो. ‘विकास’ आज नगररचनेच्या अर्थाने सर्रास रूढ आहे, मग व्युत्पत्तीतल्या फुलाला धरून बसण्यात काय हशील? वापराने अर्थ बदलतो हे खरे, पण येथे जुना अर्थ गेलेला नाही. तो शेजारीच जिवंत आहे आणि नव्या अर्थाला स्वतःची पुण्याई उसनी देतो आहे. देशात २ ऑक्टोबर १९५२ पासून समूह विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून तालुक्याला गटविकास अधिकारी मिळाला; गावात २०२४ पर्यंत ग्रामविकास अधिकारी होता; शासनात महिला व बालविकास विभाग आहे. या सर्व ठिकाणी ‘विकास’ म्हणजे पाणी, शाळा, पोषण, रस्ता. त्याच गावात इमारत बांधून विकणारा ‘विकासक’ आहे, त्याने भरायचे ‘विकास शुल्क’ आहे, कागदावर हस्तांतरित होणारे ‘विकास हक्क’ आहेत आणि बांधकामाची उंची व मोकळी जागा ठरवणारी ‘विकास नियंत्रण नियमावली’ आहे. गटविकास अधिकारी आणि विकासक यांची कामे एकमेकांना पूरक असू शकतात, विरुद्धही असू शकतात. भाषेने त्यांना सख्खे भाऊ करून टाकले आहे. परिणामी एखाद्या ले-आऊटमुळे ओढा बुजतो म्हणून हरकत घेणारा गावकरी ‘विकासविरोधी’ ठरतो. शिवी देण्याइतका नैतिक भार ‘डेव्हलप’ या शब्दाजवळ नाही, त्यामुळे त्या गावकऱ्याला कोणी ‘डेव्हलपविरोधी’ म्हणत नाही. शब्दाचा अर्थ खरोखरच बदलला असता तर हा भार गळून पडला असता.

दुसरा आक्षेप असा की, कागदपत्रांना आणि न्यायालयाला पारिभाषिक शब्द लागतोच, तिथे इंग्रजी क्रियापद कसे चालेल? हा आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, भाषा संचालनालय त्याच्याही आधी १९६० मध्ये स्थापन झाले, आणि मराठीत कायदा सांगण्याची इच्छा सर्वस्वी योग्य होती. दस्तलेखकांनी व वकिलांनी ‘विकसन’ हा शब्द वेगळा काढून करारनाम्याला लावला, यात एक शहाणपण आहे: ‘विकास’ आणि ‘विकसन’ यांत निदान कागदावर तरी फरक पडतो. शासनाने तोच शब्द आराखडा, शुल्क, हक्क आणि नियमावली या सर्व ठिकाणी वापरला असता तर वरचा गोंधळ पुष्कळ टळला असता. तसे झाले नाही, आणि जोवर ते होत नाही तोवर बोलीने स्वतःच्या सोयीसाठी जो भेद इंग्रजी शब्दाच्या आधाराने टिकवला आहे तो पुसण्याचा अधिकार शुद्धतेला कोणी दिला, याचे उत्तर मिळत नाही.

क्रियापद परभाषेतून आले म्हणजे व्याकरण ढासळते, ही भीतीही निराधार आहे. मराठीने परकी क्रियापदे क्वचितच सगळ्या प्रत्ययांसह घरात घेतली. बहुतेकांना तिने आधी नाम वा विशेषणासारखे अविकारी करून ठेवले आणि मग त्यांच्यामागे ‘करणे’, ‘होणे’, ‘देणे’ अशी स्वतःची क्रियापदे उभी केली. कबूल करणे, मंजूर होणे, जप्त करणे, रद्द होणे ही फारसी-अरबीतून आलेली माळ याच रीतीने ओवली गेली. काळ, लिंग, वचन, पुरुष यांचा सगळा कारभार मराठी क्रियापदाकडेच राहिला. ‘डेव्हलप करणे’ व ‘डेव्हलप होणे’ या जोडीत सकर्मक-अकर्मक भेदही मराठीने आपल्याच साधनांनी केला आहे, जो मूळ इंग्रजीत एकाच रूपात दडलेला असतो. जमिनीच्या बाबतीत तर शुद्धतेचा आग्रह विशेष अवघड जागी येऊन थबकतो, कारण ‘जमीन’ हाच शब्द फारसी आहे, आणि मालक, हक्क, खरेदी, दस्त, कुलमुखत्यार हे त्याचे सगळे सोबतीही बाहेरून आलेले आहेत. राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत यांतल्या शब्दांना पर्याय सुचवण्याचे प्रयत्न झाले. माधव जूलियन यांनी १९३८ साली या विषयावर पुस्तक लिहिले तेव्हा शीर्षकात शुद्धीच्या जोडीला ‘विवेक’ हा शब्द घातला. आजच्या शुद्धिवादात त्या शीर्षकाचा पूर्वार्ध तेवढा उरलेला दिसतो.

या प्रतिवादाचीही एक मर्यादा आहे आणि ती मुळशीतच सापडते. १६ एप्रिल १९२१ रोजी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या गावांना जमीन ‘विकासासाठी’ द्या असे कोणी सांगत नव्हते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याची भाषा सार्वजनिक प्रयोजनाची होती, आणि प्रचाराची भाषा मुंबईच्या गिरण्यांना लागणाऱ्या विजेची. ‘जान किंवा जमीन’ म्हणणाऱ्या मावळ्यांच्या जमिनी तरीही पाण्याखाली गेल्या. शब्द बदलल्याने खाचर वाचते असा दावा येथे नाही. मात्र त्या वेळी विरोध करणाऱ्याला जमीन घेणारा कोण, वीज कोणाला मिळणार आणि बुडणार कोण, हे तिन्ही कर्ते नावानिशी सांगता येत होते. त्यांना झाकणारा सोयीचा शब्द अजून प्रचारात आलेला नव्हता.

राहिला प्रश्न पर्यायाचा. ज्यांना ‘डेव्हलप’ हा ध्वनी खरोखरच सहन होत नाही, त्यांच्यासाठी नगररचना अधिनियमाची व्याख्या हीच उत्तम यादी आहे, फक्त ती ‘विकास’ या छत्राखालून बाहेर काढून सुटी सुटी वाचली पाहिजे: बांधणे, खोदणे, खाण काढणे, पाडणे, भराव घालणे, वापर बदलणे, तुकडे पाडणे. गावाच्या हद्दीत एखादा प्रकल्प येणार असेल तर त्याच्या फलकावर, ग्रामसभेच्या ठरावात आणि हरकती-सूचना मागवणाऱ्या जाहीर सूचनेत यांपैकी जे खरे असेल ते क्रियापद, त्याच्या कर्त्याच्या नावासह आणि गट क्रमांकासह लिहिण्यास कोणताही कायदा आड येत नाही.